मोठ्या पेटीतील स्थलांतर आणि माशांचे पाणी

१. प्रश्नाचे स्वरूप

काचेच्या पेटीत पाळलेले मासे वाढू लागले, की ती पेटी त्यांना अपुरी पडत असल्याचे पाळणाऱ्याच्या ध्यानात येते. मग तो मोठी पेटी आणतो, ती घासूनपुसून लख्ख करतो, तीत नळाचे नितळ पाणी भरतो, जुनी कळकट गाळणी टाकून नवी कोरी बसवतो आणि मोठ्या उमेदीने मासे तीत सोडतो. पहिले दोन-चार दिवस मासे मोकळेपणाने विहरतात. आठवडा उलटतो न उलटतो तोच ते पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात, त्यांचे पर अंगाशी मिटतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एकेक मासा मरू लागतो. वर्षानुवर्षे कोंदट पेटीत तग धरून राहिलेले मासे प्रशस्त व स्वच्छ जागेत आल्यावर मरावेत, ही गोष्ट पाळणाऱ्याला अनाकलनीय वाटते. 'नवे पाणी मानवले नाही' एवढेच काय ते तो म्हणू शकतो.

हे उत्तर सर्वस्वी चुकीचे आहे असे नाही. पाणी मानवणे, पाणी लागणे, पाणी बाधणे हे मराठीतील जुने वाक्प्रचार आहेत आणि गाव बदलल्याने होणाऱ्या प्रकृतीच्या बिघाडाला उद्देशून ते वापरले जातात. परंतु माशाच्या बाबतीत 'पाणी' या एका शब्दाखाली निदान तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र येतात. पाण्यात विरघळलेले क्षार व वायू ही पहिली. माशाच्या शरीरातून बाहेर पडणारी मलद्रव्ये ही दुसरी. आणि त्या मलद्रव्यांची विल्हेवाट लावणारे सूक्ष्मजीव ही तिसरी. यांपैकी तिसरी गोष्ट पाण्यात नसतेच, ती गाळणीत असते. स्थलांतरात होणारी बहुतेक हानी या तीन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे होते. प्रस्तुत लेखात त्यांची फोड करण्याचा प्रयत्न केला आहे. उदाहरणादाखल सोनमासा, म्हणजे चीनमध्ये हजार-एक वर्षांपूर्वी माणसाळवला गेलेला गोल्डफिश, विचारात घेतला आहे. कारण लहान पेटीतून मोठ्या पेटीत नेण्याचा प्रसंग याच माशाच्या बाबतीत सर्वांत अधिक वेळा येतो.

२. कल्पनेचा व शब्दाचा इतिहास

बंद पात्रात मासा दीर्घकाळ जगवता येतो, या गोष्टीची शास्त्रीय मांडणी प्रथम रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने केली. त्याने एका मोठ्या काचपात्रात दोन लहान सोनमासे व वॅलिसनेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पतीची कुजलेली पाने पाणी बिघडवू लागली, तेव्हा ती खाण्यासाठी त्याने तळ्यातील गोगलगायी सोडल्या, आणि पाणी पुन्हा निवळले. हा प्रयोग १८५० साली लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडण्यात आला. वनस्पती प्राणवायू देते, मासा तो घेतो, गोगलगाय सडलेला भाग खाते आणि अशा रीतीने प्राणी व वनस्पती यांचा तोल राखला जातो, असा त्याचा निष्कर्ष होता.

१८५३ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात माशांचे दालन उघडले. त्या काळी अशा पात्राला 'व्हायव्हेरियम' म्हणत. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, फिलिप हेन्री गॉस याने आपल्या ग्रंथाच्या शीर्षकातच 'ॲक्वेरियम' हा शब्द योजला आणि तो लवकरच सर्वत्र रूढ झाला. लॅटिनमध्ये या शब्दाचा एक अर्थ गुरांना पाणी पाजण्याची जागा असा होता. जुन्या शब्दाला सर्वस्वी नवा अर्थ चिकटवल्याचे हे एक चांगले उदाहरण होय. मराठीने मात्र येथे दोन वेगळे मार्ग धरले. सार्वजनिक संस्थेसाठी 'मत्स्यालय' हा संस्कृत घडणीचा शब्द स्वीकारला. १९५१ साली मुंबईत सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या नावात तो दिसतो. घरातील पात्राला मात्र व्यवहारात 'माशांची पेटी', 'काचपेटी' किंवा सरळ 'फिश टँक' असेच म्हटले जाते. या भेदात एक तथ्य आहे. 'आलय' म्हटले की राहण्याची जागा डोळ्यांपुढे येते, 'पेटी' म्हटले की वस्तू ठेवण्याची. घरच्या पात्राकडे पेटी म्हणून पाहिले, की मासे एका पेटीतून काढून दुसरीत ठेवणे ही गोष्ट सोपी वाटू लागते.

वॉरिंग्टनच्या वर्णनात एक महत्त्वाची उणीव होती. माशाच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या नत्रयुक्त मलद्रव्याचे पुढे काय होते, याचा पुरा उलगडा त्याच्या काळी होणे शक्य नव्हते, कारण ते काम करणारे जीव तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते.

३. अमोनियाची दोन रूपे

मासा अन्नातील प्रथिने पचवतो तेव्हा अमोनिया निर्माण होतो. सस्तन प्राणी त्याचे युरियात रूपांतर करून तो मूत्रावाटे टाकतात. गोड्या पाण्यातील माशाला या खटाटोपाची गरज नसते. तो बहुतांश अमोनिया कल्ल्यांतून थेट भोवतालच्या पाण्यात सोडतो. ही क्रिया मुख्यत्वे विसरणाने घडते. रक्तात अमोनिया अधिक व पाण्यात कमी असेल तोवरच तो बाहेर जाऊ शकतो. पाण्यातील प्रमाण वाढले म्हणजे हा ओघ मंदावतो आणि विष शरीरातच साठू लागते.

पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो: एक मुक्त अमोनिया व दुसरा अमोनियम आयन. मुक्त अमोनिया कल्ल्यांच्या पातळ त्वचेतून सहज आरपार जातो व अत्यंत विषारी ठरतो. अमोनियम आयन विद्युत्भारित असल्यामुळे तितक्या सहजतेने जात नाही व त्या मानाने पुष्कळच निरुपद्रवी असतो. दोहोंचे परस्पर प्रमाण पाण्याच्या पीएच मूल्यावर व तापमानावर अवलंबून असते. २५ अंश सेल्सियस तापमानाला पीएच ६.५ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम ०.२ टक्के मुक्त रूपात असतो. पीएच ७ ला सुमारे ०.६ टक्के, पीएच ८ ला सुमारे ५ टक्के, आणि पीएच ९ ला सुमारे ३६ टक्के. म्हणजे ७ ते ८ या पट्ट्यात पीएच एका अंकाने वाढले, की विषारी भाग जवळजवळ दसपट होतो, आणि तोही एकूण अमोनियात कणभरही भर न पडता. या एका गोष्टीवर पुढील विवेचनाचा बराच भाग आधारलेला आहे.

४. अदृश्य कामकरी आणि त्यांची नावे

मातीत व सांडपाण्यात अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर होते, हे पूर्वीच माहीत होते; परंतु ते सजीवांचे कार्य आहे, हे श्लोसिंग व म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८७७ साली दाखवले. वाळूच्या थरातून झिरपणाऱ्या सांडपाण्यातील ही क्रिया क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच थांबली. त्यावरून तिच्यामागे जीव असले पाहिजेत हे सिद्ध झाले. पुढे १८९० च्या सुमारास सर्जी विनोग्राद्स्की याने हे जीवाणू वेगळे केले. क्रिया दोन पायऱ्यांत होते, असे त्याला आढळले. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात व दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. पहिल्या गटातील जीवाणूला नायट्रोसोमोनस व दुसऱ्या गटातील जीवाणूला नायट्रोबॅक्टर ही नावे मिळाली.

ही नावे मातीच्या अभ्यासातून आली होती. मत्स्यपालनाच्या पुस्तकांनी ती जशीच्या तशी उचलली, आणि जवळजवळ शंभर वर्षे पेटीतील गाळणीत हेच दोन जीवाणू काम करतात, असे छापले जात राहिले. १९९६ साली होव्हानेक व डीलाँग या संशोधकांनी गाळण्यांमधील जीवाणूंची जनुकीय पद्धतीने तपासणी केली, तेव्हा गोड्या पाण्याच्या पेट्यांत नायट्रोबॅक्टर आढळलाच नाही. १९९८ साली होव्हानेक व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, तेथे नायट्राइटचे काम नायट्रोस्पिरा या वेगळ्याच कुळातील जीवाणू करतात. पहिल्या पायरीबाबतही असाच धक्का बसायचा होता. २००५ साली सिएटल येथील मत्स्यालयाच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतून नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस हा जीव वेगळा करण्यात आला. तो अमोनियावर जगतो, परंतु जीवाणू नव्हे. तो आर्किया या स्वतंत्र सृष्टीतील आहे. २०११ साली सॉडर व सहकाऱ्यांनी घरगुती व इतर पेट्यांच्या गाळण्या तपासल्या. गोड्या पाण्याच्या अनेक गाळण्यांत अमोनियाचे काम करणाऱ्यांत आर्कियांचीच संख्या अधिक असल्याचे त्यांना दिसले. अखेरीस २०१५ साली दोन संशोधक गटांनी, एकाच काळात पण स्वतंत्रपणे, दोन्ही पायऱ्या एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पिरा शोधून काढले. त्यांपैकी एका गटाचा नमुना मत्स्यसंवर्धन केंद्रातील गाळणीतून घेतलेला होता.

वस्तू न पाहता नाव पुढे चालवले गेल्याचे हे एक ठळक उदाहरण आहे. त्याचा व्यावहारिक परिणामही आहे. बाजारात मिळणाऱ्या 'तयार जीवाणूं'च्या बाटलीत कोणता जीव आहे व तो गोड्या पाण्याच्या गाळणीत खरोखर वसती करणारा आहे की नाही, हा प्रश्न केवळ पांडित्याचा राहत नाही.

येथे आणखी एका शब्दजोडीकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. 'नायट्राइट' आणि 'नायट्रेट' या शब्दांत भेद आहे तो केवळ शेवटच्या अक्षरगटातील स्वराचा. बोलण्यात तो सहज पुसला जातो आणि दुकानदार व गिऱ्हाईक या दोघांचीही फसगत होते. वस्तुतः नायट्रेट लिटरला ४०-५० मिलिग्रॅमपर्यंत गेले तरी सोनमासा ते निभावून नेतो. नायट्राइट मात्र लिटरला एक मिलिग्रॅमच्या आतच काळजीचे ठरते. ते कल्ल्यांतून रक्तात शिरते व हिमोग्लोबिनचे अशा रूपात परिवर्तन करते की, त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. रक्त तपकिरी पडते आणि पाण्यात भरपूर प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. कल्ल्यांतील ज्या वाटेने क्लोराइड आत घेतले जाते, त्याच वाटेने नायट्राइट शिरते. म्हणून पाण्यात थोडे मीठ असल्यास क्लोराइड त्याच्याशी स्पर्धा करते व नायट्राइटचा शिरकाव घटतो. जुने मत्स्यपालक आजारी माशाच्या पाण्यात मीठ टाकत असत, त्या प्रथेच्या मुळाशी असलेल्या कारणांपैकी हे एक आहे.

५. पेटी मोठी झाल्याने काय बदलते, काय बदलत नाही

आता प्रत्यक्ष आकडे घेऊन पाहू गेल्यास चित्र स्पष्ट होते. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद व ३० उंच अशा पेटीत काठोकाठ ५४ लिटर पाणी मावते. १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद व ४५ उंच पेटीत २४३ लिटर मावते. लांबी दुप्पट झाली, परंतु पाणी साडेचारपट झाले.

समजा, माशांना दररोज एकूण १ ग्रॅम खाद्य दिले जाते व त्यात ४० टक्के प्रथिने आहेत. मत्स्यसंवर्धनात वापरल्या जाणाऱ्या स्थूल हिशोबाप्रमाणे यापासून सुमारे ३७ मिलिग्रॅम अमोनिया-नत्र निर्माण होते. गाळणी अजिबात काम करत नसेल, तर ५४ लिटरच्या पेटीत त्याचे प्रमाण रोज लिटरमागे सुमारे ०.७ मिलिग्रॅमने वाढेल आणि २४३ लिटरच्या पेटीत सुमारे ०.१५ मिलिग्रॅमने. मोठ्या पेटीने संकट टाळले नाही, ते पुढे ढकलले. लहान पेटीत जी पातळी दोन दिवसांत गाठली असती, ती मोठीत नऊ-दहा दिवसांनी गाठली जाते. स्थलांतरानंतर मासे लगेच न मरता दुसऱ्या आठवड्यात का मरतात, याचे उत्तर या साध्या भागाकारात आहे. मधल्या काळात सारे ठीक चालले आहे, अशी पाळणाऱ्याची समजूत होते. आणि जागा मोकळी दिसते म्हणून तो आणखी चार मासे आणून सोडतो.

याच हिशोबाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. मासे तेच व खाद्य तेवढेच असेल, तर रोज निर्माण होणारा अमोनियाही तेवढाच असतो; तो पाण्याच्या आकारमानावर अवलंबून नसतो. अर्थात तो संपवण्यास लागणारे सूक्ष्मजीवही तेवढेच. जुन्या गाळणीत ते आधीच पुरेशा संख्येने आहेत; नसते, तर जुन्या पेटीतच मासे दगावले असते. तेव्हा जुनी गाळणी जशीच्या तशी नव्या पेटीत नेली, तर ती पेटी पहिल्या दिवसापासूनच माशांना राहण्याजोगी असते. उलट गाळणी नवी बसवली, तर सूक्ष्मजीवांची वसती शून्यापासून उभी राहावी लागते. हे जीव फार सावकाश वाढतात; अनुकूल परिस्थितीतही त्यांची संख्या दुप्पट होण्यास बहुधा एक दिवस किंवा अधिक काळ लागतो. म्हणून २५ अंशांच्या आसपासच्या पाण्यात नवी गाळणी पूर्ण कार्यक्षम होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे जातात.

येथे विरजणाची उपमा चपखल बसते. दूध कितीही चांगले असले, तरी विरजणावाचून दही लागत नाही. मात्र एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. दह्यात विरजण सर्वत्र मिसळलेले असते. पेटीतील सूक्ष्मजीव पाण्यात तरंगत नाहीत. ते गाळणीतील स्पंजाला, चुनखडीला, वाळूला व काचेला चिकटलेल्या बुळबुळीत थरात राहतात. त्यामुळे जुने पाणी बादल्या भरभरून नव्या पेटीत ओतणारा मनुष्य विरजण म्हणून ताकाची निवळच ओतत असतो, आणि घट्ट कवडी मात्र, म्हणजे जुनी गाळणी, मोरीत धुऊन टाकतो. नळाखाली धुण्याने तर दुहेरी नुकसान होते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते आणि ते जंतूंचा नाश करण्यासाठीच मिसळलेले असते. पिण्याच्या पाण्याविषयीच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००, २०१२) उरलेल्या मुक्त क्लोरीनचे प्रमाण लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम असावे लागते. गाळणी धुवावयाचीच असेल, तर पेटीतून काढलेल्या पाण्यात ती हलकेच पिळावी.

६. जुन्या पाण्याचा धोका

मग जुने पाणी निरुपयोगी आहे काय? तसेही म्हणता येत नाही. त्याचा उपयोग सूक्ष्मजीवांसाठी नसून माशाच्या शरीरासाठी आहे. गोड्या पाण्यातील माशाच्या रक्तात भोवतालच्या पाण्यापेक्षा क्षार अधिक असतात. तर्षणामुळे पाणी सतत शरीरात शिरते, ते पातळ मूत्रावाटे बाहेर टाकावे लागते व निसटणारे क्षार कल्ल्यांवाटे पुन्हा मिळवावे लागतात. या यंत्रणेला विशिष्ट क्षारप्रमाणाची सवय झालेली असते. मुंबईला पुरवले जाणारे तलावांचे पाणी तुलनेने हलके, तर देशावरील पुष्कळ विंधनविहिरींचे पाणी जड असते. एकातून दुसऱ्यात मासा अचानक नेल्यास त्या यंत्रणेवर ताण पडतो. लोकांच्या भाषेतील 'हलके' व 'जड' पाणी हे भेद येथे अगदी अन्वर्थक ठरतात.

तथापि जुन्या पाण्यात एक छुपा धोका आहे, आणि नेमका तोच बहुधा लक्षात येत नाही. अमोनियाचे नायट्रेट होताना आम्ल निर्माण होते व पाण्यातील क्षारता खर्ची पडते. १ ग्रॅम अमोनिया-नत्रामागे सुमारे ७ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षारता संपते. ज्या पेटीतील पाणी महिनोन्महिने बदललेले नाही, नुसती भर घातली आहे, तिचे पीएच हळूहळू उतरून ६.५ च्याही खाली जाते. इतक्या आम्ल पाण्यात सूक्ष्मजीवांचे कामही मंदावते व अमोनिया साठू लागतो. परंतु तो जवळजवळ सारा निरुपद्रवी अमोनियम रूपात असल्यामुळे मासे जगतात. समजा, अशा पाण्यात एकूण अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅम आहे. पीएच ६.५ ला त्यातील मुक्त अमोनिया सुमारे ०.००४ मिलिग्रॅम भरतो. त्याच पाण्याचे पीएच काही कारणाने ८ झाले, तर तो सुमारे ०.१ मिलिग्रॅम होतो. लिटरला ०.०२ ते ०.०५ मिलिग्रॅम मुक्त अमोनिया ही सामान्यतः धोक्याची हद्द मानली जाते. कालपर्यंत जगत असलेला मासा आज ताजे, स्वच्छ पाणी मिसळताच तडफडू लागतो, त्याचे कारण हे होय. ताज्या पाण्याने अमोनिया आणला नाही. आधीच असलेल्या अमोनियाचे रूप बदलले.

दुकानातून पिशवीत आणलेल्या माशांच्या बाबतीतही हाच प्रकार घडतो. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायॉक्साइड साठतो व पीएच उतरते. त्याच वेळी अमोनियाही वाढत असतो. पिशवी उघडून ठेवली, की कार्बन डायॉक्साइड उडून जातो, पीएच चढते आणि साठलेला अमोनिया विषारी होतो. म्हणून दीर्घ प्रवास करून आलेल्या माशाची उघड्या पिशवीत तासभर 'सवय' करत बसणे अहितकारक ठरू शकते. तापमान जुळताच त्याला पिशवीतील पाण्यावाचून पेटीत सोडणे अधिक श्रेयस्कर. एकाच घरातील दोन पेट्यांमधील स्थलांतर मात्र काही मिनिटांचे असते, तेथे सावकाशपणा हितावह आहे. दोन प्रसंग बाहेरून सारखे दिसले तरी त्यांचे नियम एक नाहीत.

यावरून निघणारा नियम असा: पेटीचे पाणी फार दिवस बदलले नसेल, तर स्थलांतराच्या आधी दोन-तीन आठवडे दर तीन-चार दिवसांनी दहाव्या हिश्शाइतके पाणी बदलत जावे. त्यामुळे साठलेला अमोनिया व नायट्रेट उतरते, क्षारता व पीएच हळूहळू वर येते, आणि जुन्या-नव्या पाण्यातील अंतर आधीच मिटलेले असते. मासा पेटी बदलण्यापूर्वीच पाणी बदलून बसलेला असतो.

७. प्रत्यक्ष कृती

मोठ्या पेटीची जागा आधी ठरवावी. २४३ लिटर पाण्याचेच वजन २४३ किलोग्रॅम. काच, वाळू व चौरंग धरून ते ३०० च्या पुढे जाते. राहत्या खोलीच्या जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोग्रॅम भार धरण्याचा संकेत आहे आणि पेटीचा तळ जेमतेम अर्ध्या चौरस मीटरचा असतो. म्हणून ती भिंतीलगत, तुळईच्या जवळ ठेवावी. तळ पूर्ण समपातळीत असावा, कारण मोठ्या पेटीच्या एका लांब काचेवर पाण्याचा सुमारे १२० किलोग्रॅम वजनाइतका रेटा असतो. लहान पेटीत तो जेमतेम २७ असतो.

पेटी पाण्याने भरून निदान एक दिवस हवेच्या पंपासह चालू ठेवावी. यात गळती कळून येते, तापमान खोलीइतके होते आणि मुक्त क्लोरीन निघून जाते. पाण्यात क्लोरामाइन असल्यास ते असे उडून जात नाही. त्यासाठी बाजारात 'अँटिक्लोरीन' या नावाने मिळणारे सोडियम थायोसल्फेट वापरावे लागते.

सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे नवी गाळणी चार-सहा आठवडे आधीच जुन्या पेटीत जुन्या गाळणीच्या जोडीने चालवणे. तेवढा अवधी नसेल, तर जुनी गाळणी नव्या पेटीत न्यावी व नवी तिच्या शेजारी चालू करावी. जुनी निदान दोन महिने काढू नये. नेताना गाळणीतील स्पंज जुन्याच पाण्यात बुडवून ठेवावा. तो वाळू देऊ नये व बंद डब्यात कोंडूही नये, कारण या सूक्ष्मजीवांना प्राणवायूची नित्य गरज असते.

मासे हलवताना प्रथम त्यांना जुन्या पेटीच्या पाण्यासह झाकणाच्या बादलीत काढावे व बादलीत हवेची नळी सोडावी. फुगीर डोळ्यांच्या सोनमाशाला जाळीने इजा होते, म्हणून तो पातेल्याने उचलावा. मासे पेटीत असताना तळची वाळू ढवळू नये; तिच्याखाली साठलेला गाळ उठला, की पाणी क्षणार्धात बिघडते. वाळू न्यावयाची असेल, तर ती मासे काढल्यानंतर जुन्याच पाण्यात विसळून न्यावी. नंतर बादलीतील पाण्यात नव्या पेटीचे पाणी अर्ध्या-पाऊण तासात थोडेथोडे मिसळावे, दोन्हींचे तापमान जुळल्याची खात्री करावी आणि मासे हलकेच सोडावेत. त्या दिवशी दिवा मालवलेला ठेवावा व खाद्य देऊ नये. पेटीवर झाकण असावे, कारण नव्या जागी बिचकलेला मासा उडी मारतो.

पुढील तीन-चार आठवडे अमोनिया व नायट्राइट यांची चाचणी घेत राहणे, हा कृतीचा शेवटचा पण अनेकदा वगळला जाणारा भाग आहे. पहिले दहा दिवस ती रोज घ्यावी. अमोनिया दिसू लागल्यास खाद्य निम्मे करावे व पाव ते तृतीयांश पाणी बदलावे. नायट्राइट दिसल्यास त्याबरोबरच लिटरला अर्धा ते एक ग्रॅम साधे मीठ विरघळवून घालावे. उन्हाळ्यात विशेष जपावे. पाण्यात २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना साडेसातच. शिवाय उष्ण पाण्यात मुक्त अमोनियाचे प्रमाणही वाढते. म्हणून स्थलांतरासाठी चैत्र-वैशाखापेक्षा हिवाळ्याचे दिवस अधिक सोयीचे. नवे मासे आणावयाचे झाल्यास दोन्ही चाचण्या सलग दोन आठवडे निरंक आल्यानंतरच, आणि तेही एका वेळी एक-दोन, आणावेत. कारण जुन्या गाळणीतील वसती जुन्याच माशांच्या मापाची असते.

८. उपसंहार

'मासा पेटीच्या मापाने वाढतो' अशी एक समजूत सर्वत्र आढळते. सोनमाशाला पुरेसे पाणी मिळाल्यास तो २० सेंटिमीटर व त्याहूनही मोठा होतो. लहान पेटीतील माशाची वाढ खुंटते ती जागेशी जुळवून घेण्याच्या कोणत्याही शहाणपणामुळे नव्हे, तर साठत जाणाऱ्या मलद्रव्यांच्या व दूषित पाण्याच्या त्रासामुळे. तेव्हा त्याला मोठ्या पेटीत नेणे ही चैन नसून त्याच्या प्रकृतीची गरज आहे, आणि स्थलांतरात मासे मरतात म्हणून ते टाळणे हा उपाय नव्हे.

विवेचनाचा सारांश थोडक्यात असा सांगता येईल. मोठ्या पेटीमुळे विषाचा संचय मंदावतो, थांबत नाही. तो थांबतो जुन्या गाळणीतील सूक्ष्मजीवांमुळे. जुने पाणी त्या जीवांचे वाहन नव्हे. ते माशाला क्षारांच्या दृष्टीने ओळखीचे असते इतकेच, आणि फार दिवसांचे असल्यास प्रसंगी घातकही ठरते. स्वच्छता हा गुण खरा, परंतु येथे स्वच्छ म्हणजे निर्जंतुक नव्हे. वॉरिंग्टनच्या पात्रातील दोन सोनमासे जगले ते वनस्पती व गोगलगायी यांच्याबरोबरच काचेला व वाळूला चिकटलेल्या, त्याला न दिसलेल्या जीवांच्या बळावर. आज ते जीव ज्ञात आहेत, त्यांच्या नावांतील चूकही दुरुस्त झाली आहे. तरीही नवी पेटी सजवताना पहिला हात पडतो तो जुन्या गाळणीवरच. मासे हलवणाऱ्याने तेवढा एक मोह आवरला, तर दुसऱ्या आठवड्यातील मृत्यू बहुतांशी टळतील.